टायरच्या हवेचा एक सेन्सर बदलला तर दुसरा गेला, म्हणजे चारही गेले का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात सांगतो, म्हणजे मला बरोबर समजला का ते तुम्हालाही कळेल. गाडी सहा वर्षं जुनी, मीटरवर प्रत्येक टायरच्या हवेचा आकडा स्वतंत्र दिसतो. दिवाळीच्या आसपास मागच्या उजव्या टायरचा आकडा गायब झाला, तिथे नुसत्या दोन रेघा. वर्कशॉपवाल्याने मागच्या उजव्या चाकात नवीन सेन्सर टाकला, तिथला आकडा आला, पण घरी पोचेपर्यंत पुढच्या उजव्याचा आकडा गेला. आता तो म्हणून राहिला की बॅटऱ्या सगळ्या एकाच वयाच्या आहेत, एक एक करत जाणारच, चारही बदलून टाका. आणि तुम्ही विचारून राहिले की टाकू का.

नका टाकू. आज तरी नका.

बॅटरीची गोष्ट तो खोटी नाही सांगून राहिला. रिमच्या आत वॉल्व्हला जो काळा डबा लागलेला असतो त्यात लिथियमचा सेल असतो, वरून रेझिन ओतून बंद केलेला, तो चार्जही होत नाही आणि सहसा बदलताही येत नाही, पाच ते दहा वर्षं चालतो आणि मग पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. सहा वर्षांच्या गाडीत एखादा गेला तर नवल नाही. पण एक बदलला आणि त्याच दिवशी दुसरा गेला, हे मला पटत नाही. मी यवतमाळकडच्या आर्णी भागात टायरचं काम करून अठरा वर्षं झाली, असं गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो. मधात टायर फिरवले होते का? म्हणजे रोटेशन, पुढचे मागे, मागचे पुढे?

बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, अलाइनमेंटच्या वेळी त्यायनं फिरवून देल्ले."

तुमचंही तसंच झालं असेल असं धरून चालतो. मग काय होतं ते नीट पाहा, इथेच सगळी गंमत आहे. गाडी सेन्सरला चाकाच्या जागेवरून ओळखत नाही. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा नंबर असतो आणि गाडीच्या मेंदूत एक यादी असते की अमुक नंबर म्हणजे पुढचा डावा, तमुक म्हणजे मागचा उजवा. चाकं फिरवली पण यादी नवी केली नाही तर गाडी जुन्याच यादीप्रमाणे आकडे दाखवत राहते. सगळ्या टायरमध्ये हवा ३३-३३ पीएसआय (पंपावर हवा मोजायचं माप) असली तर कोणाला कळतही नाही, वर्षभर गाडी चुकीचं सांगते आणि आपण पाहत राहतो. (काही गाड्या चाक कुठे आहे ते चालता चालता स्वतः ओळखतात, तुमची त्यातली असती तर हा गोंधळच झाला नसता.)

आता तुमची गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी. त्यात रोटेशनची नेहमीची पद्धत अशी की पुढचे दोन्ही सरळ मागे जातात आणि मागचे दोन्ही तिरपे पुढे येतात. म्हणजे जो मागचा उजवा होता तो आता पुढे डाव्या बाजूला बसला आहे. मेलेला सेन्सर त्याच्यात आहे. मीटर मात्र जुनी यादी वाचून "मागचा उजवा" म्हणून राहिलं. वर्कशॉपवाल्याने मीटरवर विश्वास ठेवून मागचं उजवं चाक उघडलं, आणि तिथे रोटेशननंतर कोण बसलं होतं? आधीचा पुढचा उजवा. त्याच्यातला धडधाकट सेन्सर काढला, नवीन टाकला, आणि नव्याचा नंबर यादीत मागच्या उजव्याच्या जागी चढवला. मागचा उजवा दिसू लागला. पण पुढच्या उजव्याच्या नावावर जो नंबर होता, तो सेन्सर तर आत्ताच काढून टेबलावर ठेवला, मग पुढच्या उजव्याच्या जागी रेघा येणारच ना बाप्पा!

याच्या पुढचं पण सांगतो. आता तो पुढचं उजवं चाक उघडेल, नवीन टाकेल, तर मागचा डावा जाईल. मागचा डावा उघडेल तर पुढचा डावा जाईल. पुढचा डावा उघडला की तिथे खरोखर मेलेला सापडेल आणि सगळं ठीक होईल, आणि तो म्हणेल पाहा, मी म्हटलं होतं चारही गेले होते. चार सेन्सरचे पैसे, गेला होता एक. त्याने फसवलंच असं मी म्हणणार नाही, त्याला स्वतःलाही बहुतेक असंच वाटत असेल.

हे खरं की खोटं ते तुम्ही घरीच पाहू शकता, फक्त एक बऱ्यापैकी डिजिटल गेज पाहिजे. सकाळी गाडी थंड असताना चारही टायरची हवा मोजून कागदावर लिहा. मग फक्त मागच्या डाव्या टायरमधून पाच-सहा पीएसआय सोडा, बाकीच्यांना हात लावू नका. आता गाडी काढा आणि दहा-पंधरा मिनिटं चाळीसच्या वर चालवा, कारण गाडी उभी असली की सेन्सर झोपतात, चाक फिरलं की जागे होतात आणि मग थोड्या थोड्या वेळाने आकडा पाठवतात, अंगणात उभं राहून मीटरकडे पाहून काही होत नाही. परत आल्यावर मीटर पाहा. मागच्या डाव्याचा आकडा उतरला असेल तर माझा अंदाज चुकला. पण पुढच्या डाव्याचा आकडा उतरला आणि मागचा डावा जसाच्या तसा ३३ दाखवून राहिला असेल, तर समजा यादी उलटीपालटी झालेली आहे. नंतर हवा भरायला विसरू नका.

आणि आजच्या आज त्या वर्कशॉपला फोन करून सांगा की काढलेला जुना सेन्सर फेकू नको. तो चांगला आहे. तो पुढच्या डाव्या चाकात बसवायचा, मेलेला काढायचा, आणि मग चारही चाकांची यादी नव्याने शिकवायची, ज्याला रीलर्न म्हणतात. नवीन खर्च फक्त मजुरीचा. सेन्सर फेकून दिला असेल तर मात्र एक अजून घ्यावा लागेल, पण एकच, तीन नाही.

आता ज्याच्याजवळ टीपीएमएसचं (म्हणजे टायरची हवा पाहणाऱ्या या सिस्टिमचं) टूल आहे त्याच्याकडे हे तपासायचं काम पाच मिनिटांचं आहे. हातात धरायचं यंत्र असतं, वॉल्व्हजवळ टायरच्या बाजूच्या रबरावर टेकवायचं, रिमच्या धातूवर नाही, आणि बटण दाबायचं. ते १२५ किलोहर्ट्झवर सेन्सरला उठवतं आणि सेन्सर उत्तर देतो, नंबर, हवा, तापमान, आणि कित्येक सेन्सर बॅटरीची हालत पण सांगतात. चारही चाकांना असं विचारायचं आणि आलेले नंबर गाडीच्या यादीशी लावून पाहायचे. जो बोलत नाही तो मेला. जो बोलतो पण यादीत दुसऱ्या जागी आहे तो फिरवलेला. चाक उघडायच्या आधी हे जो करत नाही त्याच्याकडून सेन्सर बदलून घेऊ नका, भले तो कितीही ओळखीचा असो. ऑनलाइन पाचशे-सातशेला ते ब्लूटूथचं छोटं स्कॅनर मिळतं ते इथे सहसा कामी येत नाही, ते इंजिनचे कोड वाचतं, टायरचे कोड वेगळ्या खात्यात असतात.

चूक माझ्याकडूनही झाली आहे, सांगून टाकतो. सुरुवातीला टूल नवीन होतं तेव्हा एका गाडीचं रीलर्न करत होतो आणि दुसऱ्या गाडीचं खोललेलं चाक बाजूलाच टेकवून ठेवलं होतं, नुकतीच हवा सोडलेली. टूलने त्याच्यातल्या सेन्सरला पण उठवलं आणि गाडीने तोच शिकून घेतला. गिऱ्हाईक दारव्ह्याला पोचलं आणि फोन, "भाऊ, एक टायर शून्य दाखवून राह्यलं!" टायर मात्र भरलेलं. तेव्हापासून रीलर्नच्या वेळी आसपास दुसरं एकही चाक ठेवत नाही, पोट्ट्याला आधी सगळी चाकं मागच्या शेडमध्ये न्यायला लावतो.

तुमचं झालं, पण थंडीत टायरच्या हवेच्या लाईटवरून रोज दोन-तीन लोकं येतात म्हणून बाकीचं पण लिहून ठेवतो.

पिवळी लाईट, घोड्याच्या नालासारखी, मधात उद्गारचिन्ह. गाडी चालू केल्यावर ती कशी लागते ते पाहा, यातच अर्धं निदान आहे. लागली आणि स्थिर राहिली तर एखाद्या टायरमध्ये हवा कमी आहे, सेन्सर आपलं काम बरोबर करून राहिला, त्याला शिव्या देऊ नका. मिनिट-दीड मिनिट लुकलुकली आणि मग स्थिर झाली तर सिस्टिममध्येच बिघाड आहे, म्हणजे सेन्सर बोलत नाही किंवा गाडी ऐकत नाही. लोकं नेमके हेच सांगत नाहीत, "लाईट लागली" एवढंच सांगतात. मी म्हणतो मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवा, चालू केल्यापासून दोन मिनिटांचा.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत जी लाईट सकाळी लागते आणि दुपारी आपोआप जाते, ती स्थिर असेल तर नव्वद टक्के हवेचाच प्रकार असतो. दहा डिग्री तापमान उतरलं की साधारण दीड पीएसआय हवा कमी दिसते. आता तुम्ही दुपारी तीनला यवतमाळहून गाडी चालवत आले, टायर तापून पन्नास डिग्रीवर, त्यात पंपावर मोजून ३३ भरली. रात्री गाडी अंगणात, सकाळी बारा डिग्री. पाच-सहा पीएसआय तिथेच गेली, २७ राहिली. बहुतेक गाड्यांत ठरलेल्या हवेपेक्षा २० ते २५ टक्के कमी झाली की लाईट लागते, म्हणजे ३३ असेल तर २५-२६ च्या आसपास. टायरमधून थोडीफार हवा तशीही उतरत असते, झालं, लागली लाईट. म्हणून हवा थंड टायरमध्ये भरायची, सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त न चालवता, आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा, पंपावरचा पोरगा म्हणेल तो नाही. मेमध्ये याचं उलट होतं, ४५ च्या उन्हात हायवेवर मीटर ३८ दाखवतं आणि लोकं घाबरून हवा काढतात. काढू नका. गरम टायरमध्ये तेवढी वाढणारच, काढली तर सकाळी ती कमी भरेल. समृद्धीवर जायच्या आधी तर मुळीच काढू नका, त्या सिमेंटच्या रोडवर कमी हवेचं टायर जास्त तापतं.

पण जानेवारीच्या सकाळी आकडाच गायब, लाईट लुकलुकते, आणि दुपारी ऊन चढलं की आकडा परत येतो, हा प्रकार वेगळा. ही खरी म्हातारी बॅटरी. थंडीत सेलचा दम कमी होतो. हा सेन्सर आज ना उद्या जाणारच, पुढच्या वेळी टायर बदलताना टाकून घ्या, मुद्दाम चाक उघडायची घाई नको.

चारही आकडे एकदम गेले तर चार बॅटऱ्या एका रात्री मरत नाहीत हे लक्षात ठेवा. तिथे ऐकणारा गेला आहे, म्हणजे रिसीव्हर, त्याची वायर, फ्यूज, नाहीतर कोणीतरी मधात गोंगाट करून राहिलं. आपल्याकडच्या गाड्यांचे सेन्सर साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि गाडीची रिमोट चावी पण बहुधा त्याच भागात. तेव्हा पहिलं काम, सिगारेट लायटरच्या जागी लावलेला स्वस्तातला चार्जर आणि डॅशकॅम काढून वीस मिनिटं गाडी चालवून पाहा. एका मास्तरांची क्रेटा मी अशीच ठीक केली होती, दीडशे रुपयांचा चार्जर काढला आणि आकडेही आले, आणि त्यांची चावी लांबून लागत नव्हती ती पण लागायला लागली. त्यांच्याकडून काय घ्यायचं तेच मला समजेना. ऑनलाइन सेन्सर मागवणाऱ्यांनी पण फ्रिक्वेन्सी पाहून घ्या, अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांचे ३१५ चे असतात, स्वस्त दिसतात म्हणून लोकं मागवतात आणि ते इथे मुके राहतात.

कित्येक गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो. कुशाक, टायगुनसारख्या गाड्या ब्रेकच्या एबीएस सिस्टिमच्या सेन्सरवरून चाक किती जोरात फिरून राहिलं ते मोजतात, हवा कमी झाली की टायर थोडं दबतं, त्याचा घेर कमी भरतो आणि ते बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे मारतं, त्यावरून अंदाज बांधतात. यात पीएसआय दिसत नाही, नुसती सूचना येते. हवा नीट करून मेन्यूतून रीसेट केलं नाही तर ती चुकीचं सांगत बसते. एकाने मला अशा गाडीत सेन्सर टाकून द्या म्हणून दोन तास बसवलं होतं.

आता आपल्या भागातला खास बिघाड. पांदणीने वावरात गाडी नेली की तुरीची धसकटं आणि बाभळीचे काटे, त्यामुळे लोकं टायरमध्ये पंक्चरचं लिक्विड भरून ठेवतात. ते लिक्विड सेन्सरच्या बारक्या छिद्रात जाऊन सुकलं की सेन्सर बोलतो, पण हवेचा आकडा जिथे अडकला तिथेच अडकतो. ३३ म्हणजे ३३, टायर बसलं तरी ३३. हा सगळ्यात धोक्याचा बिघाड, कारण लाईटच लागत नाही. वर सांगितलेली हवा सोडायची टेस्ट इथेही लागू पडते. टायर उघडल्यावर सेन्सर ओल्या फडक्याने पुसायचा, छिद्रात सुई घालायची नाही, आत पातळ पडदा असतो तो फाटतो. २०२० च्या जुलैत केंद्राने नियम बदलले, टीपीएमएस, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर किट असेल तर छोट्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते, म्हणून काही गाड्यांत किटच येतं आणि त्यात हेच लिक्विड असतं. अडचणीत वापरायचंच, पण नंतर टायर उघडून सेन्सर पुसून घ्या. सेन्सरला चालणारं लिक्विड वेगळं मिळतं, बाटलीवर लिहिलेलं असतं.

स्टेपनी लावली की लुकलुक सुरू होते ती बिघाड नाही, बऱ्याच गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सरच नसतो. आणि खेड्यातल्या पंक्चरवाल्याने ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकून दिली असेल तर तिथे सेन्सर राहूच शकत नाही, वॉल्व्हचं छिद्र ट्यूबच्या नेकने, म्हणजे तिच्या स्वतःच्या वॉल्व्हने घेतलं. मागे एक कास्तकार आले, मी विचारलं सेन्सर कुठे आहे, तर म्हणे, "ते काळं काळं काय होतं ते? पोट्टे खेळून राह्यले त्याच्याशी."

ते बाहेरून वॉल्व्हला टोपीसारखे लावायचे सेन्सर आणि डॅशबोर्डवर सोलरचा डिस्प्ले, ते ठीक आहेत, सेल बदलता येतो, पण रबरी नेकवर त्यांचं वजन पडतं आणि आतली रबरी रिंग सुकली की तिथूनच हवा जाते. महिन्यातून एकदा साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा.

आता तुमचं पुढचं डावं चाक उघडाल तेव्हा. टायरवाल्याला आधीच सांगा की आत सेन्सर आहे, पाहिजे तर टायरवर खडूने लिहा. बीड (टायरची रिमला घट्ट बसलेली कड) तोडताना मशिनचा पंजा वॉल्व्हच्या जवळ नको, आणि हाताने टॉमी (लोखंडी पहार) लावत असेल तर वॉल्व्हपासून लांबच्या बाजूने सुरुवात. सेन्सर तुटतात ते बहुतेक इथेच, बॅटरीने कमी. तुमचा वॉल्व्ह ॲल्युमिनियमचा आहे, त्याच्यात हवा अडवणारी साधी पितळी पिन टाकू द्यायची नाही, दोन धातूंची आपसात प्रतिक्रिया होऊन पिन आतच जाम होते आणि मग वॉल्व्हसकट सेन्सर जातो. निकेल चढवलेली पांढरी पिन मागा. रबरी वॉशर नवीन टाका, दहा-वीस रुपयांसाठी जुनंच नका ठेवू. नट एअर गनने नाही, छोट्या पान्याने हलक्या हाताने. आणि वॉल्व्हवर ती चमकदार धातूची टोपी लावली असेल तर काढून साधी प्लास्टिकची लावा. मग रीलर्न, मग परत एकदा पाच पीएसआय सोडून एक चक्कर, या वेळी चारही कोपरे एक एक करून.